खान्देशच्या वीस आमदारांकडे काय मागायचं? व्यापारी-उद्योजकांच्या निवेदनासाठी सूचना हव्यात

दालमिल_जळगाव

राम राम मंडळी. हिवाळी अधिवेशन तोंडावर आलंय आणि आमच्या व्यापारी-उद्योजक संघटनेने आमदारांना द्यायचं निवेदन लिहायचं काम ह्या वेळी माझ्याकडे दिलंय, म्हणून हा धागा काढतोय. जळगावपुरतं नको, धुळे-नंदुरबारचेही लोक इथे आहेत, सगळ्यांनी बोला.

मागच्या वेळचं निवेदन आत्ता माझ्यासमोर आहे. सात पानं, बत्तीस मागण्या. पहिली मागणी जीएसटीचे टप्पे कमी करा, दुसरी विमानं वाढवा, मधेच कुठेतरी कापसाची आयात बंद करा, आणि विजेचा विषय, जो आम्हाला रोज सकाळी पहिला भेटतो, तो एकविसाव्या नंबरवर आणि तोही एका ओळीत. सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, फोटो काढले, कागद पीएकडे गेला. दोन महिन्यांनी एका लग्नात आमदारसाहेब भेटले तेव्हा मी विचारलं की साहेब आपल्या निवेदनाचं काय झालं, तर ते अगदी सरळ म्हणाले, भाऊ, ह्यातलं माझ्या सभागृहात काय येतं तेवढ्यावर मला खूण करून पाठवा, मी बोलतो. घरी येऊन पेन घेऊन बसलो आणि बत्तीसपैकी सात-आठवर खूण झाली, बाकी सगळं दिल्लीचं. चूक आमचीच होती.

म्हणून ह्या वेळी मी संघटनेला सांगितलंय की एकच पान, पाच मागण्या, आणि प्रत्येक मागणी राज्याच्या हातातली पाहिजे, खाली कायद्याचं किंवा खात्याचं नाव आणि सोबत आपला पुरावा जोडलेला. जळगावचे अकरा, धुळ्याचे पाच, नंदुरबारचे चार असे आपले वीस आमदार आहेत २८८ मध्ये. विसांच्या हातात एकच कागद गेला पाहिजे, पक्ष कुठलाही असो.

माझ्या मते पहिला नंबर विजेचा. युनिटचा दर शेजारच्या राज्यांपेक्षा जास्त आहे हे सगळेच बोलतात, पण मला जास्त त्रास ट्रिपिंगचा होतो. माझ्या मिलमध्ये तूर चाळून, रोलरवर ओरखडून, तेल लावून, मुरवून, वाळवून परत रोलरवर घेतात तेव्हा डाळ फुटते, आणि हे सगळं एलिव्हेटरने खालून वर, वरून खाली चालू असतं. दोन मिनिटं लाईट गेली की एलिव्हेटरच्या बादल्या भरलेल्या जागच्या जागी थांबतात, वजनाने पट्टा घसरतो, लाईट आल्यावर मशीन उचलत नाही. मग खालचं झाकण उघडून दोन माणसं हाताने माल उपसतात. पाऊण तास जातो. रोलरमध्ये अडकलेल्या दाण्याचा चुरा होतो आणि तो डाळीच्या भावाने जात नाही, चुनीत जातो, ढोरांच्या खाद्याला. मी जूनपासून वहीत लिहितोय, कोणत्या दिवशी किती वाजता लाईट गेली, मशीन कधी चालू झालं, चुरा किती निघाला. सोबत जोडायला हीच वही आहे.

बाकी माझ्या मनात चार आहेत: बाजार फी, व्यवसाय कर, फायरच्या सर्टिफिकेटची कटकट कमी करणं, आणि औद्योगिक वसाहतीतला दुहेरी खर्च, म्हणजे दोन कार्यालयांना पैसे भरतो आणि खड्डा कोणाचा हे दोघंही सांगत नाहीत. सुचवा, काटा, जोडा.

सीए_धुळे

भाऊ सुरुवात एकदम बरोबर केली. फक्त विजेची मागणी नीट लिहा नाहीतर परत तेच होईल. वीजदर विधानसभा ठरवत नाही, वीज नियामक आयोग ठरवतो, आणि त्यासाठी आयोगाकडे हरकत टाकावी लागते, जनसुनावणीत बोलावं लागतं, ते काम संघटनेचं आहे, आमदारांचं नाही. पण बिलातला विद्युत शुल्काचा जो रकाना असतो तो राज्य सरकारचा कर आहे, २०१६ च्या विद्युत शुल्क अधिनियमातला, तो कमी करणं शासनाच्या हातात आहे. आणि विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि डी, डी प्लस म्हणजे उद्योगात मागास धरलेल्या भागातल्या उद्योगांना २०१६ पासून जी वीज सवलत सुरू झाली तीपण शासनाच्या बजेटमधून येते. तर मागणी अशी करा की ही सवलत छोट्या युनिटला किती पोचली आणि मोठ्याला किती, हे जिल्हावार सभागृहाच्या पटलावर ठेवा. एवढा आकडा बाहेर आला तरी पुढची मागणी आपोआप उभी राहील.

ट्रिपिंगचं वेगळं लिहा. ते फीडरचं, म्हणजे आपल्या भागाला वीज आणणाऱ्या लाईनचं काम आहे, जिल्हा नियोजन समितीत मांडता येतं, त्याला अधिवेशनाची वाटही बघायची गरज नाही.

जीएसटी काढूनच टाका. परिषदेत आपले अर्थमंत्री बसतात हे खरं, पण निर्णयाला मतांचं तीन चतुर्थांश वजन लागतं आणि केंद्राच्या एकट्याच्या मताचं वजन एक तृतीयांश. आमदाराने भाषण केलं तरी तिथे काही हलत नाही. कापसाचंही तसंच, २०२५ च्या ऑगस्टमध्ये ११ टक्के आयात शुल्क माफ झालं तो केंद्राचा निर्णय, खासदारांना वेगळं पत्र द्या.

गिरणाकाठ

मी शेतकरी आहे, व्यापारी नाही, पण तुम्ही विचारलं म्हणून लिहितो. बाजार फी काढा हे तुम्ही दरवर्षी मागता. ही फी १९६३ च्या कायद्याने खरेदीदाराने भरायची असते, शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदातून, ती जायला नको, हे ठीक. पण ती फी बंद झाली तर बाजार समितीतला शेड, भुईकाटा, पिण्याच्या पाण्याची टाकी, रात्रीचा वॉचमन ह्याचे पैसे कोण देणार ते तुमच्या निवेदनात कधीच नसतं. मागच्या साली मका घेऊन गेलो, लिलावाच्या आधी पाऊस आला, ओटा उघडा, ताडपत्री माझीच, अर्धं पोतं खालून भिजलं. त्या दिवशी मला फी कमी नको होती, पत्रे पाहिजे होते.

फी काढा म्हणायच्या ऐवजी फी कुठे खर्च होते ते दाखवा म्हणा, तिथे शेतकरी तुमच्या सोबत उभा राहील. नाहीतर तुमचा कागद एकीकडे आणि आमचा मोर्चा दुसरीकडे, आणि आमदार दोन्हीकडे मान हलवून मोकळे.

दालमिल_जळगाव

@गिरणाकाठ दादा, तुमचं पटलं आणि आमचं दुखणं कुठे आहे तेही सांगतो. जळगावच्या बाजारात शेतकऱ्याचा माल घेतला त्यावर फी द्यायला आमची ना नाही, तिथे समितीची सोय वापरतो. पण आमच्या मिलमध्ये लागणारी सगळी तूर इथे पिकत नाही, कर्नाटकातून येते, बाहेर देशातून मुंबई बंदरावर येते, गाडी थेट मिलच्या दारात उतरते, त्या मालाने समितीचा ओटा बघितलेलाही नसतो. त्यावर फी मागितली जाते तिथे भांडण आहे. तेवढंच लिहितो: बाहेरून थेट प्रक्रियेसाठी येणाऱ्या मालावर फी नको, आणि जी फी जमा होते तिच्यातून आधी ओट्यावर पत्रे. चालेल का?

गिरणाकाठ

हे चालेल. पत्र्याची ओळ वरती टाका, खाली नको.

रावेरचा_केळीवाला

केळीचं एक अक्षर नाही तुमच्या पाचात? २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, रावेर-सावद्याहून रेल्वेने दिल्लीला माल जातो, आणि भाव मात्र आजही बऱ्हाणपूरकडे बघून ठरतो. बऱ्हाणपूर आपल्याच जुन्या खान्देशातलं म्हणा, पण आज दुसऱ्या राज्यात आहे, तिथल्या भावाच्या बोर्डावर आपल्या आमदाराचं काही चालत नाही.

मी केळी कापून भरून देतो, म्हणजे माझाही धंदाच आहे, म्हणून माझ्याच लोकांबद्दल लिहिताना वाईट वाटतं, पण लिहितो. २०१६ ला फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला. शेतकऱ्याला बांधावर विकता आलं, चांगलं झालं. पण बांधावर येणारा प्रत्येक माणूस कोण, कुठला, ह्याची कुठेच नोंद नाही. बाहेरून येतो, पहिल्या दोन गाड्या रोख घेतो, तिसऱ्या-चौथ्याला म्हणतो आठ दिवसांत देतो, आणि मोबाईल बंद. आमच्या शेजारच्या गावात एका म्हाताऱ्या आजोबांचे तीन गाड्यांचे पैसे गेले, मुलीचं लग्न पुढे ढकललं. त्यानंतर सहा महिने कोणी माझ्यावरही विश्वास ठेवेना, मी त्याच गावचा असून. तर मागणी अशी की बांधावर फळं घेणाऱ्याची साधी ऑनलाईन नोंदणी आणि त्याच्या उलाढालीच्या मानाने काहीतरी तारण रक्कम. खऱ्या व्यापाऱ्याला ह्याने काही जड जाणार नाही.

आणि दुसरं, पाणंद रस्ता. घड कापल्यावर त्याला दगडावर आपटायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही, डोक्यावरून आणून केळीच्या पानावर ठेवायचा, एवढी काळजी मजूर घेतात, आणि मग ट्रॅक्टर दीड किलोमीटर खड्ड्यातून हेलकावत जातो. डाग लगेच दिसत नाही. पिकायला लावल्यावर दिसतो, काळा पट्टा. दिल्लीचा व्यापारी तोच पट्टा दाखवून पैसे कापतो.

मिरची_पथारी

राम राम भाऊ. आम्हना नंदुरबारले इसरू नका.

आमच्याकडे ओली लाल मिरची मार्केटला येते, व्यापारी घेतो आणि पथारीवर वाळत घालतो, मोकळ्या मैदानावर, एकरच्या एकर लाल दिसतं, फोटो काढायला लोक येतात. पण अवकाळी पाऊस आला की दोन तासांत सगळं संपतं. मिरचीला बुरशी येते, रंग पांढरा पडतो, तिला आम्ही फटकी म्हणतो, ती मसाल्याच्या कारखान्यात कोणी घेत नाही. पूर्वी हे कधीतरी व्हायचं, आता दर एक-दोन सीझनला होतं. पीक विमा शेतकऱ्याच्या शेतातल्या पिकाला आहे, पथारीवरच्या मालाला काही नाही, कारण तो व्यापाऱ्याचा झालेला असतो. आणि पथारीवर काम करणाऱ्या बाया, शेकड्याने, सगळ्या आदिवासी पाड्यावरच्या, त्यांची त्या दिवसापासून मजुरी बंद. मग त्यांचं घर ऊसतोडीला नाहीतर सुरतकडे निघतं. नंदुरबार आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेला जिल्हा आहे, २०१८ पासून केंद्राच्या यादीत. मिरचीसाठी सामायिक वाळवण शेड आणि ड्रायर मागा, जमीन शासनाची, चालवायला व्यापारी आणि बचतगट मिळून. हे राज्य करू शकतं.

अजून एक. उधारी. माल घेऊन ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत असा लघुउद्योगाचा कायदा २००६ चा आहे, नाही दिले तर सुविधा परिषदेकडे जायचं. परिषद केंद्राच्या कायद्याखाली असली तरी नेमते राज्य सरकार. आमच्यासाठी ती नाशिकला. नवापूरहून नाशिकला तारखेला जायचं म्हणजे पूर्ण दिवस गेला, वकील वेगळा, आणि समोरचा आला नाही की पुढची तारीख. कायद्यात ९० दिवस लिहिलेत. महिन्यातून एकदा परिषदेने जळगाव, धुळे, नंदुरबारला बसावं, जिल्हा उद्योग केंद्राची इमारत आहेच.

सीए_धुळे

@मिरची_पथारी तुमची परिषदेची मागणी ह्या धाग्यातली मला सगळ्यात आवडली. कायदा बदलायचा नाही, फार खर्च नाही, एका जीआरवर होण्यासारखं आहे. माझ्या तीन अशिलांनी फक्त नाशिकचे हेलपाटे नकोत म्हणून उधारी सोडून दिलीय.

मसालेवाली_ताई

मी यावल तालुक्यात केळीचे वेफर्स आणि खान्देशी काळा मसाला करते, आम्ही पाच जणी आहोत. व्यवसाय कराबद्दल लिहायचंय. सुरतच्या एका दुकानाने माल मागितला, दुसऱ्या राज्यात माल द्यायचा तर जीएसटी नंबर घ्यावाच लागतो, घेतला. नंतर कळलं की नंबर घेतला की व्यवसाय कराची नोंदणीपण लागते, वर्षाला २५०० रुपये. मला कोणी सांगितलंच नव्हतं. तीन वर्षांचं एकदम भरायची नोटीस आली, वर व्याज. त्या महिन्यात मी बायांना अर्धे पैसे दिले आणि अर्धे पुढच्या महिन्यात, आणि त्या काही बोलल्या नाहीत ह्याचंच मला जास्त लागलं.

हा कर १९७५ चा, रोजगार हमीसाठी आणला म्हणतात, त्याला माझी हरकत नाही, चांगल्या कामाला पैसे गेले. पण वर्षाला चाळीस लाख विकणारा आणि चार लाख विकणारी दोघांना सारखेच २५००? पगारदारांमध्ये २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायांना २०२३ पासून सूट दिली. तीच सूट स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्या बाईला का नाही? पूर्ण कर रद्द करा असं मागितलं तर ते महसूल बुडतो म्हणून नाही म्हणतील. माझ्यासारखीपुरतं मागा, ते मिळेल.

दालमिल_जळगाव

ताई, मी पूर्ण रद्द असंच लिहिणार होतो. तुमचं घेतलं.

दुसरी_पाळी

मी चटईच्या कारखान्यात आहे, मशीनवर. मालक लोकांच्या धाग्यात लिहू का नको असं वाटत होतं पण फायरचं वाचून राहवलं नाही. फायरचं सर्टिफिकेट कटकट आहे असं लिहिलंय. २००६ चा कायदा आहे, जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचा बी फॉर्म द्यायचा असतो. आमच्याकडे सगळं प्लॅस्टिक आहे, दाणा, सूत, तयार चटया छतापर्यंत. मी आधी जिथे होतो तिथे मागचा दरवाजा बंद, समोर गठ्ठे, आणि सिलिंडर रिकामा लटकलेला. एकदा मोटर पेटली तेव्हा आम्ही सात जण एका दरवाज्यातून निघालो, धुरात काही दिसत नव्हतं, माझ्या पुढच्या माणसाचा शर्ट धरून मी बाहेर आलो. ही मागणी कृपया काढा. उलट एमआयडीसीतच अग्निशमन गाडी उभी राहील असं मागा, त्यात मालकाचापण फायदा आहे.

दुसरं म्हणजे गाडी. दुसरी पाळी रात्री सुटते तेव्हा गावाकडे जायला एसटी नसते. पोरं मोटरसायकलवर तिघं-तिघं जातात हायवेने, बाया तर ती पाळी घेतच नाहीत. तुम्ही म्हणता कामगार मिळत नाही. मिळेल, गाडी द्या.

दालमिल_जळगाव

दादा, फायरची मागणी काढली. मी फीच्या आणि एजंटच्या त्रासापुरतं बघत होतो, तुमचा दरवाजा माझ्या डोळ्यासमोर नव्हता. उद्या माझ्याच मिलचं मागचं दार आधी बघतो. अग्निशमन गाडी आणि पाळीची एसटी दोन्ही घेतो, परिवहन महामंडळ राज्याचंच आहे.

प्रेक्षागॅलरी

मी बरीच वर्षं विधानभवनात बातमीदारी केली, आता घरी असतो. मागण्या चांगल्या होतायत, आता त्या कशा चालवायच्या ते सांगतो. आमदाराला निवेदन देऊ नका, तयार प्रश्न द्या. वीज सवलतीचा जिल्हावार हिशेब हा तारांकित प्रश्नाचा विषय आहे, मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं आणि त्यावर उपप्रश्न येतात. केळी व्यापाऱ्याची फसवणूक ही लक्षवेधी होते, कारण त्यात ताजी घटना आहे. उत्तर अर्धवट आलं तर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. व्यवसाय कर बजेटच्या वेळी, म्हणजे मार्चमध्ये, डिसेंबरला त्याची नुसती आठवण द्या. आणि वरच्या सभागृहाला विसरू नका, नाशिक विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात आपले तिन्ही जिल्हे येतात, त्या आमदारांनाही हाच कागद द्या.

एक मोठी गोष्ट मात्र पाचात नसली तरी बोलली पाहिजे. १९९४ ला वैधानिक विकास मंडळं झाली ती तीन: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. खान्देश त्या उर्वरितात. म्हणजे अनुशेष, विकासात किती मागे राहिलो ते, मोजताना नंदुरबारचा अक्कलकुवा आणि पुणे एकाच टोपलीत, आणि सरासरी काढली की आपलं मागासलेपण दिसतच नाही. ३० एप्रिल २०२० ला त्या मंडळांची मुदतही संपली. विदर्भाचे आमदार अनुशेष म्हणून उभे राहतात तेव्हा त्यांच्या हातात आकडा असतो, आपल्या माणसाच्या हातात नसतो. मला गॅलरीत बसून हे वर्षानुवर्षं बघताना फार लागायचं. खान्देशचे तीन जिल्हे वेगळे धरून आकडेवारी द्या, एवढी एक ओळ प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी घाला.

रावेरचा_केळीवाला

रेल्वे पण केंद्राची म्हणून काढणार का? मनमाड–इंदूर लाईनचं काय?

सीए_धुळे

रेल्वे केंद्राची, पण जमीन राज्याची यंत्रणा घेते. सप्टेंबर २०२४ ला मंजुरी मिळाली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी. धुळे जिल्ह्यातून जाते, नरडाण्याची एमआयडीसी तिच्याच वाटेवर. त्यामुळे भूसंपादन कुठपर्यंत आलं, मोबदला किती जणांना मिळाला, हे आमदार विचारू शकतो, तेवढंच विचारायला सांगा.

दालमिल_जळगाव

मंडळी, रात्री बसून पान परत लिहिलं. वीज सवलतीचा जिल्हावार हिशेब आणि छोट्या युनिटला विद्युत शुल्कात सूट एकत्र. बाजार समितीच्या ओट्यावर पत्रे, आणि थेट प्रक्रियेला येणाऱ्या मालावर फी नको. सुविधा परिषदेची बैठक तिन्ही जिल्ह्यांत. बांधावर फळं घेणाऱ्याची नोंदणी आणि तारण. पाचवीला मिरचीचं वाळवण शेड. व्यवसाय कराचं मार्चसाठी वेगळं पत्र, ताईंच्याच शब्दांत. अग्निशमन गाडी, पाळीची एसटी, फीडर आणि पाणंद रस्ते जिल्हा नियोजन समितीकडे. भूसंपादनाचा प्रश्न धुळ्याच्या पाच आमदारांकडे. दुहेरी खर्चाचं माझं मीच काढलं, त्याचे कागद अजून माझ्याकडे पूर्ण नाहीत, आणि कागद नसेल ते द्यायचं नाही असं आपलं ठरलंय.

संघटनेतल्या जुन्या दोघांना पाच मागण्या कमी वाटतात, एक काका तर रागावले की एवढ्यासाठी आमदारांना बोलवायचं का. त्यांना हा धागा वाचायला दिलाय.

आता सोबतचे कागद पाहिजेत. माझी वही आहे. रावेरच्या भाऊंनी त्या आजोबांची पट्टी, त्यांना विचारून, नाव झाकून. मिरचीवाल्या भाऊंनी भिजलेल्या पथारीचे फोटो तारखेसकट. सीए साहेब, परिषदेच्या तारखांचे कागद. रविवारी सकाळी साडेदहाला आमच्या मिलवर बसू, ज्यांना येणं जमेल त्यांनी या, जेवण करूनच जा, भरीत-कळण्याची भाकरी घरून येईल.

मिरची_पथारी

खान्देश एक्सप्रेस काय मिळेल ती धरून येतो. फोटो आहेत, आणि फटकी झालेली मिरची एक पिशवीत आणतो, हातात घेऊन बघितल्याशिवाय कळत नाही.

दुसरी_पाळी

रविवारी सकाळी मी मोकळा आहे. आमच्या लाईनमधल्या बावीस जणांची गावं आणि कोण किती वाजता घरी पोचतो ते लिहून घेतलंय, तो कागद आणतो. मालकांना सांगून येऊ का तसाच येऊ?

दालमिल_जळगाव

सांगून या दादा, आणि त्यांनाही घेऊन या.